घरगुती व्हिडिओ आणि पुढाकार घेणारी नायिका : जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात जुन्या विनोदपटांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

जव्हार आणि मोखाडा ही नावे उच्चारली की उर्वरित महाराष्ट्राला प्रथम आठवते ते कुपोषण. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी परिसरात झालेल्या बालमृत्यूंनंतर या डोंगराळ तालुक्यांविषयी अहवाल, वृत्तांत आणि संशोधनपर लेखन यांचा मोठा साठा निर्माण झाला. त्याची आवश्यकता निर्विवाद होती. तथापि या साठ्यातून येथील माणूस केवळ अभावग्रस्त म्हणूनच समोर येतो. तो कशाला हसत होता, याची नोंद क्वचितच आढळते. प्रस्तुत लेखात अशाच एका दुर्लक्षित अंगाचा, म्हणजे घरी बसून विनोदपट पाहण्याच्या आनंदाचा, विचार केला आहे. कोणता जुना विनोदपट लोकांच्या स्मरणात राहिला आणि कोणता पुसला गेला, हे केवळ त्या चित्रपटांच्या गुणवत्तेवर ठरले नाही. ते कॅसेट आणि तबकडी यांनी ठरविले. या निवडीत मराठी पडद्यावरील एक विशिष्ट स्त्रीव्यक्तिरेखा मागे पडली, असे येथे प्रतिपादन आहे.

स्क्रूबॉल विनोदपट : स्वरूप

अमेरिकेत साधारणतः १९३४ ते १९४४ या दशकात ज्या विनोदपटांची लाट आली, त्यांना ‘स्क्रूबॉल’ असे नाव मिळाले. हा शब्द बेसबॉलच्या खेळातील. फलंदाजाच्या अपेक्षेच्या उलट दिशेने वळणारा हा चेंडू. क्रिकेटप्रेमी मराठी वाचकाने त्यास गुगलीचा जवळचा आप्त मानावयास हरकत नाही. महामंदीची पार्श्वभूमी, श्रीमंत आणि सामान्य यांची गाठ, वेगवान संवाद आणि पुरुषाला नामोहरम करणारी चतुर नायिका ही या चित्रपटांची लक्षणे होत. १९३४ पासून हॉलीवूडमध्ये नीतिसंहितेची कठोर अंमलबजावणी सुरू झाली. शारीरिक जवळीक दाखविता येईना, तेव्हा पटकथाकारांनी प्रेमाची जागा भांडणाला दिली. बंधनातून कला फुलते, हे विधान एरवी शंकास्पद असले तरी या एका बाबतीत ते मान्य करावे लागते.

फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) हा या परंपरेचा आरंभबिंदू मानला जातो. हॉवर्ड हॉक्स यांच्या ‘हिज गर्ल फ्रायडे’मध्ये (१९४०) मूळ नाटकातील पुरुष वार्ताहराची भूमिका स्त्रीला देण्यात आली, आणि एका बदलाने संपूर्ण कथेचा तोल पालटला. हॉक्स यांचाच ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८) हा चित्रपट प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा अपेक्षित उत्पन्न मिळवू शकला नाही. पुढे दूरचित्रवाणीवरील पुनःप्रक्षेपणांतून आणि नंतर व्हिडिओवरून त्याला नवा प्रेक्षक लाभला व आज तो या प्रकाराचा मानदंड समजला जातो. ‘हिज गर्ल फ्रायडे’च्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण झाले नाही, परिणामी त्याच्या स्वस्त प्रती अनेकांनी काढल्या आणि तो घरोघरी पोहोचला.

घरच्या पडद्यावर या चित्रपटांचा आस्वाद वेगळ्या रीतीने घेता येतो. दोन पात्रे एकाच वेळी बोलत असल्याने नाट्यगृहात एका वाक्यावरील हशात पुढची दोन वाक्ये बुडून जातात. घरी फीत मागे नेता येते. डीव्हीडीवरील इंग्रजी उपशीर्षकांमुळे तर अमेरिकन उच्चारांचा अडसर वाटणाऱ्या भारतीय प्रेक्षकालाही हे संवाद प्रथमच पूर्णपणे कळू लागले.

कोल्हापूरचा समकालीन प्रवाह

‘ब्रिंगिंग अप बेबी’ ज्या वर्षी आला त्याच १९३८ मध्ये कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मास्टर विनायक, लेखक आचार्य प्र. के. अत्रे. दोन्ही चित्रपटांची मांडणी शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. तेथे डायनोसॉरच्या सांगाड्यात बुडालेला प्राणिशास्त्रज्ञ; येथे ब्रह्मचर्यावरील व्याख्यानाने भारावून नटनट्यांची चित्रे फेकून देणारा आणि व्यायामाला लागणारा औदुंबर. दोघांनीही स्वतःभोवती कुंपण घातले आहे आणि दोन्हीकडे ते कुंपण मोडण्याचे काम एक स्त्री, हसत खेळत, करते. कोणी कोणाचे अनुकरण केले असे म्हणण्यास काळाचा हिशेबच आड येतो. एकाच वर्षी दोन दूरच्या समाजांत पुरुषाच्या निग्रहाची अशी थट्टा व्हावी, हे मात्र लक्षणीय आहे.

मीनाक्षी शिरोडकर यांनी साकारलेली किशोरी त्यांच्या पोहण्याच्या पोशाखातील गाण्यामुळे गाजली. त्या गाण्याविषयी एवढे लिहिले गेले की किशोरी पुढाकार घेते, प्रेमाची दिशा ठरविते आणि विनोदाची सूत्रे स्वतःच्या हाती ठेवते, ही अधिक महत्त्वाची गोष्ट झाकोळली. पोशाखापेक्षा पुढाकार हे खरे धाडस होते.

विनायक यांनी पुढे ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) आणि चिं. वि. जोशी यांच्या लेखनावर आधारित ‘लग्न पहावे करून’ (१९४०) असे चित्रपट दिले. ‘ब्रँडीची बाटली’ आली त्याच वर्षी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली होती. दामूअण्णा मालवणकरांच्या भाबड्या नायकाची दारूच्या एका बाटलीसाठी होणारी वणवण प्रेक्षकांना त्यामुळे अधिकच झोंबली व अधिकच हसवून गेली. १९४७ मध्ये विनायक यांचे अकाली निधन झाले आणि हा प्रवाह क्षीण झाला.

व्हिडिओचे आगमन आणि जव्हार-मोखाडा

कोल्हापूरच्या या हास्यापासून जव्हार फार दूर होते. मुकणे घराण्याचे हे संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन तत्कालीन ठाणे जिल्ह्यात समाविष्ट झाले. १ ऑगस्ट २०१४ पासून दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव व मल्हार कोळी यांची बहुसंख्या, लोहमार्ग घाटाखाली, पावसाळा दांडगा, आणि भाताची कापणी संपली की वीटभट्ट्या व बांधकामांकडे स्थलांतर करणारी कुटुंबे. पाड्यापाड्यांत वीज पोहोचण्यास दीर्घ काळ लागला. अशा प्रदेशात चित्रपट पाहणे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि प्रवासाचा खर्च असा दुहेरी तोटा होता.

१९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हिडिओ कॅसेटचा प्रसार झाला. पुढच्या दोनच वर्षांत व्हिडिओ चौर्य रोखण्यासाठी स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करावी लागली, यावरून त्या प्रसाराचा वेग कळतो. लहान गावांत संच विकत घेणारे थोडे. बाजारपेठेतील व्यापारी, शिक्षक, सरकारी कर्मचारी एवढेच. परंतु संच आणि कॅसेट एका रात्रीसाठी भाड्याने मिळत. लग्न, सत्यनारायण, गणेशोत्सव अशा निमित्ताने अंगणात संच मांडला जाई आणि एका रात्रीत तीन चित्रपट दाखविले जात. चित्रपटगृहाची पायरी न चढलेल्या स्त्रिया येथे प्रथमच हक्काच्या प्रेक्षक झाल्या. चुलीवरचे आटोपून, मांडीवर मूल घेऊन, मोठ्याने हसता येईल अशी ती जागा होती.

प्रश्न असा की त्यांना पाहावयास काय मिळाले? भाड्याचा व्यवसाय नव्या चित्रपटांवर चाले. अमेरिकन स्क्रूबॉल आला तोही हिंदी वेष धारण करून : ‘इट हॅपन्ड वन नाइट’वरून बेतलेला ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि पुन्हा त्याच कथेचा ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१). मराठीत महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’ (१९८५) आणि सचिन पिळगावकर यांचे ‘गंमत जंमत’ (१९८७) व ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) यांनी घरगुती पडदा व्यापला. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे ही घराघरांतील नावे झाली. हंसचे चित्रपट या बाजारात आलेच नाहीत, असे म्हणावे इतके ते विरळ होते.

‘अशी ही बनवाबनवी’ हा हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’वर (१९६६) आधारलेला, अत्यंत सफाईदार विनोदपट आहे, वसंत सबनीसांचे संवाद आजही लोकांच्या तोंडी आहेत. यात चतुर, बोलकी, पुरुषाला वाकविणारी ‘स्त्री’ आहे, परंतु ती साडी नेसलेला पुरुष आहे. खऱ्या नायिका चारही असून बहुतांशी त्या फसविल्या जातात. किशोरीने १९३८ मध्ये जी जागा मिळविली होती, ती पन्नास वर्षांनी वेष पालटलेल्या नायकांनी घेतली, असे म्हणणे कठोर वाटले तरी अवास्तव नाही.

या ठिकाणी जव्हार-मोखाड्याच्या प्रेक्षकाची दृष्टी वेगळी असण्याचा संभव आहे. या भागातील बोहाड्यात रात्रभर मुखवट्यांची सोंगे नाचतात. परंपरेने पुरुषच ती घेतात, देवींचीही. तेथे स्त्रीरूप घेतलेला पुरुष हास्याचा विषय नसतो. त्याच्यापुढे हात जोडले जातात. एकाच अंगणात एका रात्री देवीचे सोंग आणि दुसऱ्या रात्री पडद्यावरील ‘पार्वती’ पाहणाऱ्या स्त्रीला या दोहोंतील अंतर कसे जाणवले असेल, हा प्रश्न चित्रपट अभ्यासाने विचारलेला दिसत नाही. शिवाय अत्र्यांचा शाब्दिक विनोद पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गीय बोलीवर उभा आहे. घरात वारली वा कोकणा बोलणाऱ्या माणसाला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या देहबोलीचा विनोद अधिक जवळचा वाटला असल्यास त्याचे कारण आकलनाची उणीव हे नव्हे. त्या भाषेने त्याला कधी आत घेतले नव्हते.

तबकडीनंतर

नव्वदच्या दशकाअखेरीस व्हीसीडी आली. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस बाजारात आणली, तेव्हा कॅसेटच्या एका रात्रीच्या भाड्याची जागा मालकीने घेतली. आठवडी बाजारात भांडी आणि बियाण्यांच्या शेजारी तबकड्यांचे ढीग दिसू लागले. जुन्या मराठी चित्रपटांनाही या काळात थोडा उजेड मिळाला. प्रभातच्या संतपटांना तो अधिक मिळाला, विनोदपटांना कमी. भक्तीला गिऱ्हाईक निश्चित असते. मोबाईलच्या पडद्याने पुढे तबकडीचाही बाजार संपविला.

भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. ‘ब्रह्मचारी’ आणि ‘ब्रँडीची बाटली’ यांची ती मुदत केव्हाच उलटली आहे. अमेरिकेत हक्क संपणे हेच ‘हिज गर्ल फ्रायडे’च्या प्रसाराचे कारण ठरले, मराठीत तसे घडले नाही, कारण स्वस्त प्रत काढण्यासाठी आधी चांगली मूळ प्रत हाताशी असावी लागते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. तोवर विनायक यांच्या निधनास सतरा वर्षे लोटली होती आणि ज्वालाग्राही नायट्रेट फितींवरील त्या काळचे कितीतरी भारतीय चित्रपट नष्ट झाले होते.

घाटावरच्या दमट हवेत व्हिडिओ कॅसेटच्या फितीला बुरशी लवकर धरते. ऐंशीच्या दशकात अंगणात बसून त्या पाहणाऱ्या तरुण स्त्रिया आता साठीच्या आसपास आहेत. कोणत्या प्रसंगाला त्या हसल्या, कोणता प्रसंग पुन्हा लावावयास सांगितला, आणि घरातील पुरुष हसले तेव्हा त्या गप्प राहिल्या असे कोठे घडले, हे त्यांच्याकडूनच, त्यांच्या बोलीत, नोंदवून घ्यावे लागेल.