गुन्ह्यांची लाट कशी येते?

परवा आईचा फोन. "अरे, ताईला सांग, तो रात्रीचा क्लास सोड म्हणावं. काय दिवस आलेत! आमच्या वेळी असं नव्हतं." टीव्हीवर सकाळपासून एकच खून चालू होता. मी 'बघतो' म्हटलं खरं, पण डोक्यात किडा वळवळायला लागला.

अमेरिकन पत्रकार लिंकन स्टीफन्सच्या आत्मचरित्रात (१९३१) एक भन्नाट किस्सा आहे. काळ १८९० च्या दशकातला, शहर न्यूयॉर्क. 'इव्हनिंग पोस्ट'च्या स्टीफन्सला पोलीस मुख्यालयाच्या तळघरात बसल्या बसल्या एका घरफोडीची हकिकत कळली. त्याने ती छापली. झालं! 'इव्हनिंग सन'च्या संपादकाने आपल्या जेकब रीसला विचारलं, ही बातमी आपल्याकडे का नाही? रीसने दुसऱ्या शोधून आणल्या. मग सगळेच पेपर मागे लागले आणि शहरात गुन्ह्यांची 'लाट' आली. पोलीस मंडळाचा अध्यक्ष तेव्हा थिओडोर रूझवेल्ट होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. त्याने दोघांना बोलावून घेतलं. पोलीस कचेरीतल्या एका कप्प्यात गुन्ह्यांचे अहवाल ठेवले जायचे, तिथून आपल्याला बातम्या मिळतात, हे रीसने कबूल केलं. कप्पा बंद, लाटही बंद! वाढले होते ते गुन्हे नव्हेत, बातम्या.

आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवरचे एरर तेवढेच, फक्त कुणीतरी अलर्ट चालू केले.

आता 'आमच्या वेळी'चं बघू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार १९९२ साली देशात ४० हजारांवर खून नोंदले गेले. २०२२ साली २८,५२२. आणि मधल्या काळात लोकसंख्या दीडपटीहून जास्त वाढली!

हे आकडे घेऊन मी ऐटीत आईला फोन केला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "छेडछाड झाली तर किती मुली पोलिसांत जातात रे?"

माझी बोलती बंद. खून सहसा लपत नाही, म्हणून तो आकडा बऱ्यापैकी भरवशाचा. पण जी तक्रार नोंदलीच जात नाही, ती कुठल्या तक्त्यात दिसणार? टीव्ही भीती फुगवतो तसा सरकारी तक्ता काही भीती गिळूनही टाकतो.

असो. ताईचा क्लास चालू आहे. बसस्टॉपपासून घरापर्यंतचे दिवे मात्र बंद आहेत. सोमवारी वॉर्ड ऑफिसात अर्ज देतोय.