पॅकेट कॅप्चर

१. ‘नेट लयच हळू चालून रायलं’ ही अकोल्याच्या कार्यालयातली तक्रार लेखकाने तपशिलाने दिली, तपास मात्र दोन ओळींत उरकला. म्हणून हा खुलासा. वायरशार्क हे संगणकातून जाणारी-येणारी पॅकेट वेळेसकट टिपणारे मोफत साधन. जेराल्ड कोम्ब्स यांनी ते १९९८ मध्ये ‘इथरियल’ या नावाने आणले. आजचे नाव २००६ पासूनचे.

समजा, सर्व्हर अमरावतीला आहे. अकोला-अमरावती अंतर शंभरेक किलोमीटर. फायबरमधून एवढे जाऊन यायला प्रकाशाला साधारण १ मिलिसेकंद लागतो. जोडणीच्या पहिल्या नमस्कारालाच ४० लागले, तर पॅकेट बहुधा मुंबईसारखा लांबचा वळसा घेतात किंवा रांगेत अडकतात. नमस्कार झटपट, पण विनंतीनंतर उत्तराला दोन सेकंद? मग दोष बहुतेक सर्व्हरचा. लाइनवाल्याला उगाच शिव्या देऊ नयेत. तीच पॅकेट पुनःपुन्हा जाताना दिसली तर वाटेत गळती असण्याची शक्यता मोठी. ‘झिरो विंडो’ दिसले की घेणाऱ्या संगणकालाच आवरेनासे झाले आहे असे समजावे. कूटबद्ध मजकूर वाचता येत नाही, पण वेळा दिसतात, आणि अशा निदानाला बहुधा तेवढ्या पुरतात.

वाचकांनी हा प्रयोग स्वतःच्या किंवा लेखी परवानगी मिळालेल्या नेटवर्कवरच करावा. — संपा.