रात्री विमान उडवताना कान का फसवतो?

गुलमंडीतल्या आमच्या गच्चीवरून कधी कधी चिकलठाण्याकडे उतरणाऱ्या विमानाचे दिवे दिसतात. डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा. आपल्याला विमान दिसतं, पण आतल्या शिकाऊ पायलटला बाहेर काय दिसतं? अंधाऱ्या रात्री क्षितिजसुद्धा नाही.

मग तोल कळतो कानाच्या आतल्या द्रवावरून, आणि तो इथेच फसवतो. विमान हळूहळू कललं तर त्याला पत्ताच लागत नाही. फोनमधलं फक्त ॲक्सेलरोमीटरवर चालणारं लेव्हल ॲपही असंच गंडतं. नीट घेतलेल्या वळणात विमान ३० अंश कललेलं असलं तरी ॲप 'सपाट' दाखवेल, कारण वजन सीटच्याच दिशेने जाणवतं. म्हणून कॉकपिटमध्ये जायरोस्कोपवर चालणारं कृत्रिम क्षितिज असतं.

पण तेच बिघडलं तर? १ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं, २१३ जण गेले. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज विमान उजवीकडे कललेलं दाखवत राहिलं आणि त्यांनी ते डावीकडे वळवत नेलं.

म्हणून वळताना नजर कृत्रिम क्षितिजावरून उंचीच्या काट्यावर, तिथून दिशादर्शकावर फिरवत ठेवायला शिकवतात. एकमेकांशी पटलं नाही तर गडबड आहे.

व्यावसायिक लायसन्ससाठी डीजीसीए रात्रीचे किमान ५ तास मागते, त्यात १० टेकऑफ, १० लँडिंग. मला तरी हे कमीच वाटतं. उतरताना मात्र धावपट्टीशेजारचे चार दिवे मदतीला येतात: दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उंची बरोबर. चारही लाल दिसले तर तुम्ही फार खाली आहात.