आत्मचरित्र वाचल्यानंतरचे गीतरामायण

गीतरामायणाचे पहिले गीत आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झाले ते १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी. वार शुक्रवार होता, म्हणजे आपल्या बहारीनमधल्या सुट्टीचा. कल्पना केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि संगीत सुधीर फडके यांचे. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात ५२ गीते व्हायची होती. त्या वर्षी अधिक मास आला आणि संख्या ५६ वर गेली. पुढच्या वर्षीच्या रामनवमीला, एप्रिल १९५६ मध्ये, मालिका संपली. इतके बहुतेक वाचकांना ठाऊक असेलच.

पण एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात नसते. रेडिओवरचे गीतरामायण आणि आपण घरी ऐकतो ते गीतरामायण ही दोन वेगळी आहेत. रेडिओवर पात्रागणिक गायक होते. रामाची गीते स्वतः फडक्यांनी म्हटली, सीतेची माणिक वर्मा यांनी. त्यांच्याशिवाय वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, सुरेश हळदणकर, राम फाटक असे कितीतरी आवाज त्यात होते. पुढे एचएमव्हीने रेकॉर्डचा संच काढला, त्यात मात्र छप्पन्नच्या छप्पन्न गीते एकट्या बाबूजींच्या आवाजात आहेत. मुंबईहून परतताना बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये दडवून आणलेल्या कॅसेट याच संचाच्या. आज मुले फोनवर ऐकतात तेही बहुधा हेच. एकच माणूस राम होतो, कौसल्या होतो, निषाद होतो, हनुमान होतो. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, कारण कीर्तनात बुवा एकटेच सगळी पात्रे उभी करतात हे आपण लहानपणापासून पाहिलेले असते.

या एका आवाजामुळेच पुढचा प्रश्न निर्माण होतो. पंधरा गायक असते तर गायकाचे चरित्र हा विषयच निघाला नसता.

सुधीर फडके २९ जुलै २००२ रोजी मुंबईत गेले. त्यांचे 'जगाच्या पाठीवर' हे आत्मचरित्र त्यानंतर, २००३ मध्ये राजहंस प्रकाशनाने काढले. राजा परांजपे यांच्या १९६० मधल्या ज्या चित्रपटाला बाबूजींनी संगीत दिले, त्याचेच हे नाव. पुस्तक अपुरे राहिले. त्याचा भर उमेदवारीच्या वर्षांवर आहे, त्यामुळे कीर्तीच्या काळातले किस्से वाचायला बसणाऱ्याची निराशा होते. २५ जुलै १९१९ चा कोल्हापूरचा जन्म, पाळण्यातले नाव रामचंद्र. वडील वकील, घरची स्थिती आधी बरी आणि मग खालावत गेलेली. आईचे छत्र लहानपणीच हरपले. वामनराव पाध्ये यांच्याकडे गाण्याचे शिक्षण झाले. मग मुंबईत उपासमार, निवाऱ्याची वानवा, आणि त्यानंतर गाण्याच्या बळावर उत्तर हिंदुस्थानात केलेली लांबच लांब भटकंती. हे सारे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले आहे. स्वतःबद्दल कीव यावी अशी वाक्ये जवळजवळ नाहीत, म्हणूनच वाचणाऱ्याच्या घशात जास्त अडकते. १९४१ मध्ये एचएमव्हीत आणि काही वर्षांनी 'प्रभात'मध्ये प्रवेश झाल्यावर दिवस पालटले.

हूऱ्यात १९७०-८० च्या दशकांत एका खोलीत चौघे-पाचजण राहून, पाळीपाळीने भात शिजवून ज्यांनी दिवस काढले, त्या आपल्या ज्येष्ठ सभासदांना हे पुस्तक वेगळे सांगावे लागत नाही. दोघातिघांनी मला सांगितले की पुस्तक वाचल्यावर त्यांना गीतरामायण लावून पूर्ण ऐकवले नाही. विशेषतः चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते गीत. यमनच्या सुरांतले ते शांत गाणे त्यांना आता उपाशी झोपलेल्या पोराचे वाटते. माणूस पराधीन असतो हे राम सांगत नसून बाबूजी सांगत आहेत, असे त्यांचे म्हणणे.

मला हे पटतही होते आणि खटकतही होते. खटकत होते ते अशासाठी की त्या गीतातला विचार माडगूळकरांचा आहे आणि त्याच्याही मागे वाल्मीकीचा. चाल बांधली गेली ती दर आठवड्याच्या घाईत. पहिल्या गीताची गोष्ट तर विद्याताई माडगूळकरांनीच सांगितलेली आहे: लिहून दिलेला कागद हरवला, प्रसारणाची वेळ ठरलेली, तेव्हा केंद्राच्या अधिकाऱ्यांनी कवीला लिहिण्याच्या साहित्यासह एका खोलीत बंद केले आणि माडगूळकरांनी पंधरा मिनिटांत ते गीत आठवून पुन्हा लिहून दिले. अशा धावपळीत कोणी आपली जुनी दुःखे उगाळत बसलेला असेल हे मला संभवत नाही. शिवाय १९५५ च्या वसंतात बाबूजी दुःखी होते असेही दिसत नाही. आदल्याच वर्षी, १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, ते दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरले होते. २ ऑगस्टला सिल्व्हासा मुक्त झाले आणि पुढे आठ महिन्यांनी गीतरामायण सुरू झाले. चरित्रच शोधायचे तर सेतुबंधनाच्या आणि युद्धाच्या गीतांत ते का शोधू नये? पण तसे कोणी म्हणत नाही. आपल्याला गायकाचे दुःख तेवढे हवे असते.

पाश्चात्त्य संगीतातले एक उदाहरण इथे फार उपयोगी आहे. बीथोव्हेनने १८०२ मध्ये हायलिगेनश्टाट या गावी आपल्या भावांच्या नावे एक पत्र लिहिले. बहिरेपण वाढत चालले होते आणि जीव द्यावा असे विचार मनात येऊन गेले होते, हे त्यात लिहिले आहे. पत्र पाठवले गेलेच नाही, ते १८२७ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडले. तेव्हापासून त्याच्या संगीतात लोकांना ते पत्र ऐकू येऊ लागले. गंमत अशी की त्याच सुमारास तो ज्या दुसऱ्या सिंफनीवर काम करत होता ती चांगली हसतीखेळती आहे! जीवन आणि कृती यांची सांधेजोड इतकी सरळ नसते.

मग पटत होते ते काय? मी व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ आहे, तेव्हा एक साधी कसोटी लावून पाहिली. पुस्तक वाचून मला गाण्यात जे नवे ऐकू आले ते पुस्तक न वाचलेल्या माणसाला बोट ठेवून दाखवता येते का? येत असेल तर ते रेकॉर्डमध्ये आधीपासून होते, आपला कान तिथे गेला नव्हता इतकेच. येत नसेल तर ते आपण आपल्या पदरचे घातलेले आहे. उपाशी पोराचा हुंदका या कसोटीला उतरत नाही. घरी पुस्तक न वाचलेल्यांना ते गाणे ऐकवले तर त्यांना तो सापडत नाही. त्यांना धीर देणारा मोठा भाऊ ऐकू येतो, आणि माझ्या मते त्यांचे बरोबर आहे.

पण दुसरी एक गोष्ट उतरते. बाबूजी बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांना गुरुस्थानी मानत. दोघेही शब्द आणि सूर यांचा तोल सांभाळणारे. आता त्यात ती भटकंती मिळवून पाहा. अनोळखी गावात, आपले नावही माहीत नसलेल्या लोकांपुढे हा तरुण गातो, आणि गाणे पोहोचले तरच उद्याचे जेवण. अशा माणसाला तानांची आतषबाजी परवडत नाही, त्याला आधी शब्द पोहोचवावा लागतो. हा माझा तर्क आहे, बाबूजींचे विधान नव्हे. पण तो मनात धरून रेकॉर्ड ऐका. जोडाक्षरे कशी पूर्ण उच्चारली आहेत, ओळीच्या शेवटचे अक्षर कसे हवेत विरू दिलेले नाही, श्वास घेताना शब्द मध्येच कसा तुटत नाही. कौसल्या गाताना आवाज बायकी केलेला नाही, हनुमान गाताना गर्जना नाही, फक्त शब्दावरचा भार बदलतो. हे कोणालाही दाखवता येते. माझ्या मुलीला, जिचे मराठी इथल्या शाळेत जाऊन बेताचेच उरले आहे, गीतरामायणातले शब्द निदान वेगवेगळे ऐकू येतात. अर्थ ती विचारते. हल्लीच्या गाण्यांत तिला विचारायलाही काही सापडत नाही (हा शेरा माझ्या वयाचा समजावा).

१९५५ च्या श्रोत्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. प्रसारणाच्या वेळी लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. त्यांना रामच गातो आहे असे वाटे. आत्मचरित्राने आपल्याला राम फडके नावाचा माणूस दिला, आणि २०२४ मध्ये 'स्वरगंधर्व सुधीर फडके' हा चित्रपट आल्यावर तर तो माणूस डोळ्यांसमोरही आला. ही कमाईच आहे, पण तिच्यासाठी काहीतरी द्यावेही लागले. भरताला समजावणारा राम स्वतःच्या दुःखाबद्दल तटस्थ आहे, तीच त्या गीताची खरी ताकद. गायकाची उपासमार आठवत ऐकले की ती तटस्थता जाते आणि कणव उरते.

म्हणूनच रामनवमीच्या कार्यक्रमाच्या निवेदनावरून कार्यकारिणीत जो वाद झाला त्यात मी विरोधी बाजूला होतो. प्रत्येक गीताआधी बाबूजींच्या हालअपेष्टांचा एकेक प्रसंग सांगावा अशी सूचना होती. सूचना प्रेमापोटी आली होती, त्यात शंका नाही. माझे म्हणणे इतकेच की गीत आधी होऊ द्या. निवेदनात राम, भरत, चित्रकूट एवढेच येऊ द्या. बाबूजींविषयी मध्यंतरानंतर दहा मिनिटे बोलू, आणि मग शेवटी भरताचे गीत पुन्हा एकदा घेऊ. ज्याला जे ऐकू येईल ते येईल. चार विरुद्ध तीन मतांनी हे मान्य झाले आहे. ज्या तिघांना ते मान्य नाही त्यांनी निवेदन लिहायला मदत करण्याचे कबूल केले आहे, हे त्यांचे मोठेपण.

ज्यांना या वाटेने पुढे जायचे असेल त्यांनी प्रभाकर जोग यांचे 'स्वर आले जुळुनी' हे आत्मचरित्रही जरूर मिळवावे. गीतरामायणाच्या कार्यक्रमांत व्हायोलिनची साथ करणारे जोग २०२१ मध्ये गेले. गायकाच्या पुस्तकाने आपला कान शब्दाकडे जातो, तर साथीदाराच्या पुस्तकाने दोन ओळींच्या मधल्या जागेकडे. इतकी वर्षे गीतरामायण ऐकूनही ते व्हायोलिन मी स्वतंत्रपणे कधी ऐकले नव्हते.

'जगाच्या पाठीवर'ची मंडळाच्या कपाटात एकच प्रत आहे आणि तिची पाठ सुटत आली आहे. न्यायची असल्यास वहीत नाव लिहावे, तीन आठवड्यांत परत करावी. सुट्टीवर पुण्या-मुंबईला जाणाऱ्या कोणी आणखी एक प्रत आणली तर किंमत मंडळ देईल.