कंबरेच्या ताणाची कुळकथा

फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात दहाव्या शतकातलं एक ग्रीक हस्तलिखित आहे. निकेतास नावाच्या बायझंटाइन वैद्याने शल्यचिकित्सेचे जुने ग्रंथ त्यात एकत्र केले आणि निखळलेले सांधे बसवण्याच्या रीती दाखवणारी चित्रंही घातली. या चित्रांत कुणी लाकडी फळीवर पालथा पडला आहे, कुणाला शिडीला बांधून टांगलं आहे, आणि दोन्ही टोकांकडून ओढ लावली आहे. आज आपल्याकडच्या शहरांत 'स्पायनल डीकंप्रेशन'च्या टेबलावर छातीला एक आणि कंबरेला एक पट्टा आवळून माणूस झोपवतात. ते टेबल याच फळीच्या कुळातलं आहे. पडदा, मोटर आणि संगणक नंतर आले.

या कुळाचा पहिला लेखी पुरावा हिपॉक्रेटिसच्या नावावर चालणाऱ्या 'सांध्यांविषयी' या ग्रंथात सापडतो. काळ इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकाचा. प्रश्न कंबरदुखीचा नव्हता, कुबडाचा होता. पाठीचा कणा बाहेर आला म्हणजे मणका जागचा हलला, आणि ताणून दाबला की तो जागेवर बसेल, असा विचार. त्यासाठी शिडीची रीत आधीपासून चालत आली होती. रोग्याला शिडीला बांधायचं, कुबड कुठे आहे ते पाहून डोकं वर किंवा खाली ठेवायचं, शिडी उंच चढवायची आणि सरळ खाली सोडून द्यायची. धक्क्याने आणि शरीराच्या भाराने कणा ताणला जातो.

ग्रंथकार ही रीत तपशिलाने सांगतो, ती शोधणाऱ्याचं कौतुकही करतो. पण लगेच बजावतो की ती वापरणारे बहुतेक वैद्य लोकांना तोंडात बोट घालायला लावण्यासाठी वापरतात. माणूस उंचावरून सोडलेला पाहिला की गर्दी थक्क होते आणि पुढे त्या रोग्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही. चोवीसशे वर्षांपूर्वीचा हा इशारा मला साऱ्या वैद्यकाच्या इतिहासातल्या मोलाच्या ओळींपैकी वाटतो.

त्याची स्वतःची पसंती फळीला होती. आधी वाफेचा शेक, मग रोगी पालथा, छातीला, कंबरेला आणि पायांना पट्टे, दोन्ही बाजूंना दांडे लावून ओढणारी माणसं, आणि ओढ चालू असताना कुबडावर वैद्याच्या तळहाताचा दाब. दाब पुरेना तर वैद्याने वर बसावं, किंवा भिंतीतल्या खाचेत फळीचं टोक अडकवून दुसरं टोक दाबावं. आणखी एक प्रयोग त्याने केला होता. रोग्याला उताणं झोपवून कुबडाखाली कातड्याची रिकामी पिशवी ठेवली आणि लोहाराच्या भात्याने तिच्यात हवा भरली. प्रयोग फसला. तो का फसला हे लिहून तो पुढे म्हणतो की, हे मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण करून पाहिलेल्या आणि न साधलेल्या गोष्टींतूनही चांगलं शिकायला मिळतं. आपल्या धंद्यातली हार इतक्या स्वच्छपणे लिहून ठेवणारा वैद्य पुढच्या दोन हजार वर्षांतही विरळाच.

पुढे ही फळी गॅलेन या वैद्याकडे गेली, अरबी-फारसी वैद्यकात इब्न सिनाच्या 'कानून'मध्ये शिरली. अमास्याच्या सबुंजुओग्लू या तुर्की शल्यवैद्याने १४६५च्या आपल्या ग्रंथात तिची चित्रं काढली. निकेतासच्या हस्तलिखितावरून गुइदो गुइदीने १५४४ साली पॅरिसला ग्रंथ छापला आणि युरोपच्या छापील पुस्तकांत ती कायमची झाली.

आपल्याकडेही ताणाची कल्पना होती. कुब्जेची गोष्ट कुणाला ठाऊक नाही? भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण तिची पावलं आपल्या पायांनी दाबून धरतो, हनुवटीखाली दोन बोटं घालतो आणि तिला वर उचलतो. खाली पक्की पकड आणि वर ओढ, हे ताणाचं नेमकं वर्णन आहे. ती पुराणकथा आहे, उपचाराची नोंद नव्हे, हे मात्र विसरू नये. सुश्रुताने मोडलेल्या हाडांसाठी सांगितलेलं कपाटशयन म्हणजे खुंट्या मारून, बांधून, न हलता झोपण्याची फळी. तिचा हेतू स्थिर ठेवण्याचा आहे, ताणण्याचा नाही. उगाच नातं जोडू नये.

या कुळाला मोठी कलाटणी बॉस्टनमध्ये मिळाली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार यांनी १९३४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दाखवून दिलं की, पायात कळ उतरवणारा जो तुकडा शल्यविशारद कूर्चेची गाठ समजून काढत होते, तो पुष्कळदा दोन मणक्यांमधल्या गादीचाच बाहेर आलेला भाग असतो. आपण 'गादी सरकली', 'नस दबली' म्हणतो त्याचा शास्त्रीय पाया इथे आहे. त्यांचा उपाय शस्त्रक्रियेचा होता. पण शस्त्रक्रिया नको असणाऱ्यांना जुनी फळी पुन्हा आठवली. आता मणका बसवायचा नव्हता, गादी आत ओढून घ्यायची होती.

त्याचा मोठा पुरस्कर्ता लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलचा जेम्स सायरिअक्स. त्याचा तर्क असा की मणके दूर झाले की मधली जागा वाढते, मागचा अस्थिबंध ताणला जाऊन बाहेर आलेल्या भागाला आत ढकलतो, आणि आत दाब कमी होऊन शोषण होतं. पिचकारीचा दट्ट्या ओढला की पाणी आत शिरतं, तसं. तर्क ऐकताक्षणी पटतो. आजही टेबलाशेजारच्या तक्त्यावर तोच तर्क रंगीत चित्रांत दिसतो.

त्या काळी इस्पितळांत कंबरेला पट्टा बांधून पलंगाच्या पायथ्याशी कप्पीवरून काही किलोंची वजनं सोडत आणि रोगी दिवसेंदिवस पडून राही. १९५५ साली जुडोविच या अमेरिकी डॉक्टराने साधा हिशेब मांडला. कंबरेखालचं शरीर जवळजवळ निम्म्या वजनाचं असतं आणि ते अंथरुणाशी घासतं. हे घर्षण मोडायलाच एकूण वजनाच्या सुमारे २६ टक्के ओढ लागते. ६० किलोच्या माणसाला साडेपंधरा किलो लावले तर पाय नुसते सरकायला तयार होतात, मणक्याला ताण त्यापुढे. म्हणजे चार-पाच किलोंनी रोग्याला अंथरुणात डांबून ठेवण्यापलीकडे काही साधत नव्हतं. यावर तोड म्हणून दुभंगलेलं टेबल आलं, ज्याचा खालचा अर्धा भाग चाकांवर सरकतो. आपल्या फिजिओथेरपी विभागांत 'पेल्व्हिक ट्रॅक्शन' म्हणून ओळखीचं झालं ते हेच.

नव्वदच्या दशकात कॅनडाच्या अॅलन डायर यांचं 'व्हॅक्स-डी' हे यंत्र आलं. ते ओढ हळूहळू वाढवतं, सोडतं, पुन्हा वाढवतं, म्हणजे पाठीचे स्नायू प्रतिकार करून आवळू नयेत, हा त्यामागचा हेतू. १९९४ साली रामोस आणि मार्टिन यांनी मोजक्या रुग्णांच्या कंबरेतल्या गादीत सुई घालून ओढ चालू असताना दाब मोजला, तो उणे १०० मिलिमीटर पाऱ्याच्याही खाली गेला होता. याच आकड्यावर पुढच्या साऱ्या यंत्रांचा व्यापार उभा आहे. पण तो आकडा टेबलावर असतानाचा आहे. उठून घरी गेल्यावर दुखणं कमी होतं का, हे त्यातून कळत नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा यंत्रांना बाजारात येऊ दिलं, ते आधीच्या यंत्रांसारखीच आहेत या आधारावर. त्यांच्या वर्गवारीत ही विजेवर चालणारी ट्रॅक्शनची साधनं आहेत. जाहिरातीत जे 'पूर्णपणे नवं' असतं, ते सरकारी कागदावर जुन्याच घरातलं असतं. काही जाहिरातींत नासाचं नावही येतं. अंतराळात वजन नाहीसं झाल्यावर अंतराळवीरांचा कणा लांबतो, त्यांची उंची वाढते, हे खरं. पण तिथे अनेकांची कंबर दुखते आणि परतल्यावर त्यांच्यात गादी फाटण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं आहे, हे जाहिरात सांगत नाही.

आणि पुरावा? नेदरलँड्समध्ये १५१ कंबरदुखीच्या रुग्णांवर खरी ओढ आणि नुसती दाखवण्यापुरती ओढ अशी तुलना झाली. १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला, दोन्ही गटांत फरक नव्हता. २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात ३२ चाचण्या आणि २७६२ रुग्ण होते, त्यांत पायात कळ उतरणारेही होते. ट्रॅक्शनचा परिणाम नगण्य ठरला. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ साली कंबरदुखी आणि सायटिकासाठी ट्रॅक्शन देऊ नये असं सांगितलं. फसलेल्या पिशवीची नोंद ठेवणाऱ्या त्या ग्रीक वैद्याला ही आकडेवारी आवडली असती, असं मला मनापासून वाटतं.

मग बरं वाटलेल्यांचं काय? ते खोटं बोलत नाहीत. गादीचं दुखणं बहुतेकांचं आठवड्यांत-महिन्यांत आपसूक उतरतं, बाहेर आलेला भाग शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेतं. यंत्रावरचं पॅकेज साधारण वीस-एक बैठकांचं, पाच-सहा आठवड्यांचं असतं. तेवढ्यात दुखणं निघून गेलं, तर श्रेय टेबलाला मिळतं. शिवाय पडून शांत ताण घेताना हलकं वाटतंच, आणि त्यात वाईट काही नाही. ज्याला तेवढ्यापुरता आराम हवा, परवडतो, आणि ज्याला ओढ देणं डॉक्टरांनी निषिद्ध ठरवलेलं नाही, त्याला मी अडवणार नाही. पण 'गादी आत बसेल', 'ऑपरेशन टळेल' म्हणून दागिना गहाण टाकून कुणी पॅकेज घेत असेल, तर तो शिडीवरून सोडलेला माणूस आहे.

तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा की आधी काही आठवडे चालणं, व्यायाम आणि साध्या वेदनाशामकांवर पाहता येईल का? आणि लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, दोन मांड्यांमधली जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर कुठल्याही टेबलाकडे जाऊ नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठा.