अडलेल्या घासाला स्टेंटची वाट

स्टेंट हा शब्द हृदयरोगामुळे आता घरोघरी पोहोचला आहे. मात्र हृदयाच्या रक्तवाहिनीप्रमाणेच अन्नमार्गातही अशी जाळीदार नळी बसविता येते, हे अनेक कुटुंबांना घरात कर्करोगाचे निदान झाल्यावरच कळते.

अन्ननलिकेचा कर्करोग पुष्कळदा उशिरा लक्षात येतो. आधी भाकरीचा घास अडतो, मग मऊ भात, आणि अखेरीस पाण्याचा घोटही उतरेनासा होतो. रोग शरीरात पसरलेला असेल किंवा रुग्णाला मोठी शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर त्याला तोंडाने खाता-पिता यावे, हे उपचाराचे एक प्रमुख उद्दिष्ट ठरते.

हा स्टेंट बहुधा निकेल व टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. एंडोस्कोपी अथवा क्ष-किरणांच्या साहाय्याने तो मिटलेल्या अवस्थेत गाठीपलीकडे सरकवला जातो. तेथे तो आपोआप उमलतो आणि अडथळा बाजूला दाबून वाट मोकळी करतो. एक-दोन दिवसांतच बहुतेक रुग्णांना गिळणे सोपे जाते.

मात्र स्टेंटमुळे कर्करोग बरा होत नाही. आवरण नसलेल्या स्टेंटच्या जाळीतून गाठ पुन्हा आत वाढू शकते. आवरण असलेला स्टेंट जागेवरून सरकण्याची शक्यता अधिक असते. छातीत दुखणे, रक्तस्राव आणि क्वचित नलिकेला छिद्र पडणे, हे धोकेही संभवतात.

म्हणूनच रुग्णाच्या हाती किती काळ आहे, यावर उपचाराची निवड अवलंबून असते. नेदरलँड्समधील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टेंटने अन्ननलिकेच्या रुग्णांना लवकर आराम मिळाला, तर आतून दिलेल्या किरणोपचाराचा (ब्रॅकीथेरपी) आराम अधिक काळ टिकला. जठरातून पुढे जाणारा मार्ग बंद झाल्यासही हाच विचार करावा लागतो. त्याच देशातील २०१० च्या अभ्यासानुसार, दोन महिन्यांहून अधिक आयुष्य अपेक्षित असल्यास बायपास शस्त्रक्रिया सरस ठरते. त्याहून कमी असल्यास स्टेंट.

मोठे आतडे बंद झाल्यास पोट फुगते, शौच व वायू थांबतात. येथे स्टेंटमुळे पोटावर शौचमार्ग काढून पिशवी लावणे काही रुग्णांमध्ये टाळता येते. परंतु गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असल्यास तो त्रासदायक ठरतो. पोटात अनेक ठिकाणी अडथळे असल्यास एका स्टेंटचा फारसा उपयोग होत नाही. बेव्हॅसिझुमॅब हे औषध सुरू असल्यास आतड्याला छिद्र पडण्याचा धोका वाढतो. त्यामुळे चालू औषधांची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

अन्ननलिकेत स्टेंट बसविल्यावर पेज, खिमट, मऊ भात असा आहार हळूहळू वाढवावा. प्रत्येक घास बारीक चावावा आणि जेवताना व नंतर पाण्याचे घोट घ्यावेत. मांसाचे मोठे तुकडे, सुकी भाकरी व तंतुमय भाज्या टाळाव्यात. स्टेंट जठराच्या तोंडापर्यंत गेला असल्यास आम्ल वर येते. अशा वेळी उशाकडील बाजू उंच ठेवून झोपावे. गिळणे पुन्हा कठीण झाल्यास, तीव्र वेदना, ताप वा रक्ताची उलटी झाल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न नातेवाइकांनी अवश्य विचारावा: या उपचाराने रुग्णाला नेमके काय मिळेल? उत्तर 'आयुष्य वाढेल' असे बहुधा नसते. पण घरच्यांसोबत बसून चार घास खाता येणे, हेही त्या दिवसांत थोडे नसते.