कृपा आणि देवाचे कुटुंब



नोव्हायच्या आसपास फिरताना चर्चच्या पाट्यांवर 'ग्रेस' हा शब्द आपण वाचतो. ग्रेस म्हणजे कृपा. ख्रिस्ती श्रद्धेनुसार माणूस देवाच्या घरचा होतो तो स्वतःच्या पुण्याईने नव्हे, तर देवाच्या कृपेने आणि ख्रिस्तावरील विश्वासाने. बायबलमध्ये पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ८) यासाठी दत्तकाची उपमा दिली आहे. दत्तक मुलाने घराचे नाव कमावलेले नसते, त्याला ते मिळते आणि सोबत वारसाहक्कही.

मराठीत या श्रद्धेचे ठळक उदाहरण म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९). त्यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. देवाच्या कुटुंबात जाताना त्यांचे स्वतःचे कुटुंब मात्र दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही सुरुवातीला त्या आपले सोवळे पाळत. पुढे जातिभेद माणसानेच केलेला आहे हे मनाला पटले, तेव्हा त्यांनी तो सोडला आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला.

१९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तिथे जागा होती. कृपेने मिळालेल्या घराला दाराशी अट कशाला, असाच त्याचा अर्थ.

लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' घरी असेल तर जरूर काढून वाचा. आपल्या इथल्या शेजाऱ्यांची श्रद्धा आपल्याच भाषेत समजेल.